एकोणीस कॅसेट आणि करमणूक कर : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांसी,

स. न. वि. वि.

माझ्या घरी पोटमाळ्यावर एका विटलेल्या सोलापुरी चादरीत बंद पडलेल्या आमच्या लोकल केबल चॅनेलच्या एकोणीस व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट बांधून ठेवल्या आहेत. त्या मला शासनाला द्यायच्या आहेत. फुकट. पण घ्यायला कुणी नाही. एका वाचनालयात म्हणाले, आम्ही पुस्तकं घेतो. एका सरकारी कचेरीत म्हणाले, अर्ज करा. केला. विषय कोणत्या टेबलाचा हे ठरेना, म्हणून दीड महिन्यानं माझा अर्ज मलाच परत आला. वर आवक क्रमांकाचा शिक्का तेवढा जास्तीचा. म्हणून आता उघडच लिहितो.

मी केबलवाला. म्हणजे मालक नव्हे, वायरमन. १९९३ साली शिडी, पक्कड आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात गच्च्यांवरून फिरायला लागलो, तेव्हा झी टीव्हीला जेमतेम वर्ष होत होतं आणि हाँगकाँगहून येणारी स्टारची पाच चॅनेल ही आमची मोठी श्रीमंती होती. त्यातलं एक चिनी भाषेतलं. एक अक्षर कुणाला कळायचं नाही, पण काढलं की तक्रार यायची, ‘पैसे देतोय तर दिसू दे की!’

पुढे बढती मिळून कंट्रोल रूममध्ये गेलो. नाव मोठं, खोली पत्र्याची, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. बाहेर डिश, आत दोन व्हीसीआर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन पत्र्यावर पडलं की माणूस बाहेर बसायचा आणि टेबलफॅन व्हीसीआरला लावलेला असायचा. लोकांचे टीव्ही जुने, बारा बटणांचे, त्यामुळे कोणत्या बटणावर कोणतं चॅनेल हा गल्लीतला सगळ्यात नाजूक राजकीय प्रश्न. पद्मशाली घरांना जेमिनी आणि तेलुगू ई टीव्ही पाहिजे, कन्नड घरांना उदया, मराठी घरांना मराठी काहीतरी द्या हो, आणि पोरांना क्रिकेट. या भांडणातूनही एक बटण आम्ही स्वतःसाठी राखून ठेवायचो. लोक त्याला नुसतं ‘लोकल’ म्हणायचे.

लोकलवर काय असायचं? दुपारी तेलुगू पिक्चर, कारण घरोघरी बायका सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेल्या. (त्या कॅसेट कायदेशीर होत्या का, हे कृपया विचारू नका.) फोन यायचा, ‘अण्णा, काल लाईट गेली होती, अर्धा राहिलेला लाव की.’ मग तो अर्धा लावायचा. संध्याकाळी गावातल्या बातम्या : नळाला पाणी किती दिवसांआड, कुठल्या शाळेचं गॅदरिंग, यंत्रमाग कामगारांचा मोर्चा. गणपतीत मंडळांचे देखावे. आणि जानेवारीत गड्डा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तीच गड्ड्याची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्या) पेलत अडुसष्ट लिंगांना निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ‘हर्र बोला हर्र’नं सगळं गाव दणाणतं. आमच्याकडे थेट प्रक्षेपणाची सोय कसली! कॅमेऱ्यातली कॅसेट भरली की मी ती शर्टात घालून लुनावरून कंट्रोल रूमकडे सुटायचो आणि त्याच रात्री ती तीनदा लागायची. ज्या म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत आणि ज्या बाळंतिणींना उंबरा ओलांडायचा नाही, त्यांचा गड्डा तोच.

आता माझा गुन्हा सांगतो. कोरी कॅसेट महाग. मालक म्हणायचे, मागच्या वर्षीची वापर. मी वापरली. १९९६ च्या गड्ड्यावर १९९७ चा, त्यावर कुठल्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन, त्यावर पुन्हा एखादा पिक्चर. रेकॉर्डचं बटण माझ्या बोटानं दाबलेलं आहे. मागच्या वर्षीचा गड्डा कुणाला बघायचाय, पुढच्या वर्षी पुन्हा आहेच की, असं तेव्हा खरंच वाटायचं.

मग डिजिटल आलं. केबल डिजिटल करण्याच्या केंद्राच्या दुसऱ्या टप्प्यातल्या अडतीस शहरांत सोलापूर होतं आणि मुदत ३१ मार्च २०१३. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, हे कबूल. पण छोट्या कंट्रोल रूमचं काम संपलं. आमचे मालक बाहेरच्या मोठ्या कंपनीचे वसुली करणारे झाले. लोकल चालू ठेवायचं तर चॅनेलच्या जागेचं भाडं दरमहा भरा, असं त्या कंपनीनं सांगितलं. आकडा ऐकून मालकांनी त्याच आठवड्यात खोली रिकामी करायला घेतली. डिश लोखंडात गेली. कॅसेट किलोवर गेल्या. भंगारवाल्याला पाहिजे होतं वरचं प्लॅस्टिक. आतली फीत त्यानं तिथंच ओढून फेकली. गोदामामागच्या बाभळीला ती काळी फीत महिनाभर अडकून फडफडत होती. मी रोज तिथून जायचो. हाताला लागल्या तेवढ्या एकोणीस मी आधीच उचलल्या होत्या.

महोदय, हे गल्लीतलं झालं. मोठ्या आकाशातही वेगळं नाही. होम टीव्ही हे चॅनेल दोन-तीन वर्षांत आटोपलं. डीडी मेट्रोच्या जागी ३ नोव्हेंबर २००३ पासून डीडी न्यूज दिसायला लागलं. चॅनेल व्ही २०१८ मध्ये बंद झालं. आपल्या मराठीत तारा मराठी गेलं, मी मराठी गेलं. यात मी फरक करतो. अल्फा मराठीचं झी मराठी झालं, स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा, ई टीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी. ही नावं बदललेली घरं आहेत, आत कुणीतरी राहतंय, कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या तरी कमरेला आहेत. जी चॅनेल मेली त्यांची गोष्ट निराळी. तिथं मुलाखती देणारे कवी, संगीताच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायलेली पोरं, निवडणुकीच्या रात्रीच्या चर्चा, हे सगळं कंपनीच्या जुन्या फर्निचरबरोबर मोजलं जातं.

आणि कायदा काय मागतो? उपग्रह चॅनेलच्या परवानगीत एक अट असते : दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवा, सरकारी यंत्रणेनं मागितलं तर हजर करा. एक्क्याण्णवाव्या दिवशी पुसलं तरी ती अट मोडत नाही. तिकडे पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाला प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांत द्याव्याच लागतात, १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्यात आली. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून संग्रहालय आहे. तेही उशिराच झालं म्हणा. भारतातल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. टीव्हीच्या नशिबी ते ९० दिवस.

तुम्ही म्हणाल, प्रसारण हा दिल्लीचा विषय, तिकडे लिहा. तिथं मला थोडं बोलू द्या. केबलवर करमणूक कर होता तेव्हा तो विषय कुणाचा होता? महानगरपालिका हद्दीत जोडणीमागे दरमहा ४५ रुपये राज्याच्या तिजोरीत जायचे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेतले निरीक्षक जोडण्या मोजायला आले की मी शिडी धरायचो. (मोजणी आणि खऱ्या जोडण्या यांत जे अंतर असायचं, त्याबद्दलही कृपया विचारू नका.) जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत राज्यानं हा कर घेतला. करमणूक तुमची नव्हती, तर कर कसला होता?

त्या कराचा मला राग नाही. उलट त्याचा आज उपयोग आहे. कोणत्या शहरात कोण केबल चालवत होतं, त्याची नावं आणि पत्ते त्या शाखांच्या जुन्या रजिस्टरांत असणार. शिवाय १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे प्रत्येक केबलवाल्याची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. हे दोन कागद जोडले की महाराष्ट्रातल्या लोकल चॅनेलवाल्यांची यादी तयार होते. त्यातले काही वारले असतील, काहींनी मोबाईलची दुकानं टाकली असतील. पण जिन्याखाली, माळ्यावर, जुन्या फ्रीजमध्ये (खरंच, एकानं धूळ जाऊ नये म्हणून बंद फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या) कॅसेट निघतील. पुराभिलेख संचालनालय तुमच्याच खात्यात येतं. त्यांनी एक पत्र काढावं, की बंद पडलेल्या केबल चॅनेलची रेकॉर्डिंग आम्ही घेतो, अमुक ठिकाणी आणून द्या. सोलापुरात विद्यापीठ आहे, एक खोली मिळेल. दोन चांगले व्हीसीआर, एक संगणक आणि हेड (व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग) साफ करता येणारा एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. माणूस मी देतो. आणि उपग्रह चॅनेलसाठी दिल्लीला राज्याकडून एक ओळ कळवा : परवानगी परत करताना मराठी कार्यक्रमांची एक प्रत अभिलेखागाराला देऊ करावी, एवढी अट घाला.

घाई आहे. जगातल्या शेवटच्या व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. जी यंत्रं उरलीत त्यांचे हेड झिजतायत, रबरी पट्टे चिघळतायत, आणि फितीवरचा लेप उन्हाळ्यागणिक सुटतोय. शिवाय हे काम वेळेलाच वेळ खातं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

परवा एक गोष्ट घडली. शेजारच्या गल्लीत एक यंत्रमाग कामगार राहतो, माझ्यापेक्षा लहान. त्याला कुणीतरी सांगितलं, माझ्याकडे जुना गड्डा आहे. त्याचे वडील २००४ मध्ये गेले. फोटो म्हणाल तर मतदार ओळखपत्रावरचा एक, तोही काळाठिक्कर. तो आला आणि चपला दाराबाहेर काढून पुढ्यात बसला. मी पाचवी कॅसेट लावली. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात ‘गड्डा ९९, भाग २’. आधी चादरीच्या एका दुकानाची जाहिरात, फोन नंबर सहा आकडी. मग गर्दी, मागे गिरणीची चिमणी. मग नंदीध्वजाच्या मागं चालणारा, टोपी सावरत कॅमेऱ्याकडे बघून हसणारा एक माणूस. अकरा सेकंद. ‘परत लाव की,’ तो म्हणाला. लावलं. पुन्हा लावलं. चार वेळा. पाचव्यांदा त्यानं चित्र थांबवायला सांगितलं आणि मी नाही म्हणालो. थांबवलं की हेड त्याच जागी फीत घासत राहतं, आणि त्याच्या वडिलांचा चेहराच आधी जाईल. त्याला ते लगेच समजलं. मागावर काम करणाऱ्याला घासणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उठताना त्यानं बंद टीव्हीला हात जोडले.

पेशवे दफ्तरातला मोडीतला जमाखर्च आपलं सरकार जपतं. तो लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितोय असं वाटलं नसणार. त्याला संध्याकाळपर्यंत ताळा जुळवायचा होता. मलाही गड्ड्याची कॅसेट रात्री साडेआठच्या आत व्हीसीआरमध्ये घालायची होती, इतकंच.

गाडीभाडं नको. एस.टी.नं मीच घेऊन येईन, चालू स्थितीतल्या माझ्या एका व्हीसीआरसकट. कॅसेट कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या टेबलावर ठेवू, तेवढं कळवावं.

आपला,
केबलचा एक जुना वायरमन,
पूर्व भाग, सोलापूर