‘मास्क कुठे काढला होता?’

महोदय,

परिचारिका दिनानिमित्त तुमच्या अंकात आलेले सत्काराचे फोटो पाहिले. गुलाबाचे फूल हातात घेऊन उभ्या असलेल्या तरुण सिस्टर बघून फार बरे वाटले. मी एकतीस वर्षे सरकारी रुग्णालयात काम केले, शेवटची काही वर्षे इनचार्ज सिस्टर म्हणून. नोकरीत असताना जे लिहिता आले नाही, ते आता निवृत्तीनंतर लिहिते आहे.

जुलै २०२० मध्ये कोविड वॉर्डात सलग नाईट करताना मी पॉझिटिव्ह आले. रिपोर्ट आल्यावर तासाभरात ऑफिसमधून फोन आला. ताप किती आहे, घरी कोण आहे, हे नंतर. पहिला प्रश्न होता, ‘सिस्टर, मास्क कुठे काढला होता?’ चार दिवसांनी हेच सगळे लेखी मागवले. चहा कुठे घेतला, जेवायला कोण सोबत होते, पीपीई किट काढताना कोण हजर होते. मी तो फॉर्म माझ्याच रुग्णालयाच्या कॉटवर, नाकाला ऑक्सिजनची नळी असताना भरला.

आणि भरता भरता मला खरेच वाटू लागले की चूक माझीच असणार. सहा-सहा तास किटमध्ये, पाण्याचा घोट नाही, बाथरूमला जाणे नाही, हे सगळे विसरले. आठवत राहिले ते एकच. पहाटे एका आजोबांचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण, घसरले, त्यांना पालथे झोपवताना माझी फेसशील्ड सरकली आणि मी ती कोपराने वर ढकलली. तेवढेच. पुढे वर्षभर अंथरुणावर पडले की तो कोपर डोळ्यांसमोर यायचा. नर्सला पेशंट होणे जड जाते ते वेगळेच. मॉनिटरवरचा आकडा तिला वाचता येतो. मी रात्री मॉनिटरकडे पाठ करून झोपायचे.

शेजाऱ्यांबद्दल मला राग नाही. २२ मार्चला आमच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, त्या मनापासून वाजल्या होत्या. जुलैत त्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर माझा फ्लॅट नंबर फिरला, दुधाची पिशवी जिन्यातच ठेवली जाऊ लागली. माणसे घाबरली होती. भीती ओसरल्यावर तीच माणसे डबा घेऊन आली. माझ्यामुळे सासूबाईंनाही लागण झाली, त्या बावीस दिवस रुग्णालयात होत्या. त्या एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. नातेवाइकांनी मात्र फोनवर विचारले, ‘नोकरी एवढी गरजेची होती का?’ त्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते.

पण बाहेरच्यांची भीती ओसरली, तसा आतल्यांचा संशय ओसरला नाही. ड्युटीवर परतल्यावर माझ्याच स्टाफमध्ये मी ‘ती निष्काळजी सिस्टर’ झाले होते. मग बाकीच्यांनी काय करावे? घसा दुखला तर सांगायचे नाही, गोळी घेऊन ड्युटी करायची. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि अशाने रुग्णांना किती धोका होतो हे कोणाला वेगळे सांगायला नको.

हा संशय एका ऑफिसपुरता नव्हता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात संसर्गापासून स्वतःचा बचाव करण्याची अंतिम जबाबदारी आरोग्य कर्मचाऱ्याचीच असल्याचे म्हटले होते. वरून असे लिहून आले की खालचा कारकून काय विचारणार? त्याच वर्षी एप्रिलमध्ये १८९७च्या साथरोग कायद्यात वटहुकुमाने बदल करून आमच्यावरच्या हल्ल्यांना सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली गेली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्याने रक्षण झाले ते बाहेरून येणाऱ्या दगडापासून. पन्नास लाखांचा विमा होता, तो मृत्यूसाठी. आजारी पडून वाचलेल्यांसाठी त्यात काही नव्हते.

तो मूळ कायदा झाला त्याच १८९७ साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. त्यांनी काळजी घेतली नसेल, असे आज आपल्या कोणाच्या मनातही येत नाही. तेवढा विश्वास आजच्या नर्सवर का नाही?

माझे तरी ठीक, मी कायम नोकरीत होते, रजेचा पगार मिळाला. आमच्या वॉर्डातल्या मावशी कंत्राटी. त्या पॉझिटिव्ह आल्या तेव्हा सतरा दिवसांचा एक रुपया त्यांना मिळाला नाही. परत आल्यावर वस्तीत त्यांनी पाणी भरले की बायका नळ धुऊन घ्यायच्या. मग मावशींनी सांगून टाकले की रुग्णालयातले काम सोडले, आता एका घरी स्वयंपाकाला जाते. रोज पिशवीत खाली युनिफॉर्म आणि वर मेथीची जुडी ठेवून निघायच्या. वॉर्डात आल्यावर ती जुडी खिडकीत ठेवायच्या, संध्याकाळी सुकलेली घरी न्यायच्या. सत्काराच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. असते तरी फोटो छापून येईल म्हणून त्या आल्या नसत्या.

माझी मागणी मोठी नाही. संसर्गाच्या वॉर्डात काम करणाऱ्याला लागण झाली, तर ती कामावर झालेली इजा धरावी. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात आरोग्यसेवेतल्या अशा संसर्गाला व्यावसायिक आजार म्हटलेलेच होते, नवे काही शोधायचे नाही. आजारपणाचे दिवस ड्युटी म्हणून लावावेत, कंत्राटी मावशी-मामांनासुद्धा. संसर्ग कसा पसरला याची चौकशी जरूर व्हावी, पण ती वॉर्डाची व्हावी: हवा खेळती होती का, किट पुरेसे होते का, एका सिस्टरकडे किती पेशंट होते. आणि कामावर परतल्यावर महिना-दोन महिने समुपदेशकाशी बोलायची सोय असावी, कोणाला कळू न देता. मी कोणाशी बोलले असते, तर त्या कोपरासाठी वर्ष गेले नसते.

माझ्या जागी आलेल्या सिस्टरचा परवा फोन आला होता. मी मुद्दाम विचारले. म्हणाली, फॉर्म तोच आहे, पहिला रकानाही तोच. पुढची साथ येण्याआधी तो रकाना काढावा.

— एक निवृत्त परिचारिका, पुणे