टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात, पण सहा महिने घर कशावर चालवायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीबीमुक्त ग्रामपंचायतींच्या सत्काराचे फोटो पेपरात येतात, सरपंचांच्या हातात गांधीजींचा पुतळा वगैरे. ज्या आशाताई उन्हातान्हात घरोघरी फिरून थुंकीचे नमुने गोळा करतात त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण आमच्या गल्लीत जे बघतोय ते त्या फोटोत कुठंच दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

आमच्याकडं एका खोलीत पाच माणसांचं कुटुंब भाड्यानं राहतंय. नवरा शिरोलीकडं फाउंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली फेटलिंगला होता, म्हणजे कास्टिंग ग्राइंडरनं घासून साफ करायचं काम, दिवसभर नाकातोंडात धूळ. खोकला हटेना, मेडिकलमधनं बाटल्या आणून रेटलं, अंगावरचे कपडे ढिले झाले तेव्हा कुठं तपासणी केली आणि टीबी निघाला. तिथून पुढं सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, सिस्टरनी पण नीट समजावून सांगितलं. ठेकेदार मात्र म्हणाला पूर्ण बरा झालास की ये, आणि तिथंच हजेरी बंद.

गोळ्या सुरू झाल्या की आधी मळमळतं, लघवी नारंगी होते, माणूस घाबरतो. मग दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो आणि भूक लागायला लागते, अगदी सपाटून लागते. डॉक्टर म्हणतात चांगलं लक्षण आहे, आणि आहेच. पण नेमकं तेव्हाच घरातली आवक थांबलेली असते. त्याची बायको माझ्या मिसेसला म्हणाली, "काकी, आता ह्यास्नी दोन भाकरी जास्त लागत्यात, मग मी पोरांची एकेक कमी करते." म्हणजे बाप बरा होतोय आणि त्याच खोलीत झोपणारी पोरं अर्धपोटी राहतायत, आणि टीबी अर्धपोटी माणसालाच आधी धरतो हे डॉक्टरच सांगतात.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार पैसे देतं ती निक्षय पोषण योजना आहे ना, असं कुणीतरी म्हणेल. आहे. २०१८ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले, ते चांगलंच केलं. तीन हजाराचा एक हप्ता निदान झाल्यावर आणि दुसरा ८४ दिवस उपचार झाल्यावर. पण ह्या माणसाचं खातं आधारला लिंक नव्हतं, त्यात हेलपाटे सुरू, आणि पहिला हप्ता जमा होईपर्यंत किराणा दुकानात उधारी चढली होती, सगळे पैसे तिकडंच गेले. आणि वेळेवर आले तरी हिशोब करा, दिवसाला ३३ रुपये होतात. अर्धा लिटर दूध आणि एक अंडं आणलं की संपले. ते पण फक्त पेशंटचे, घरच्यांचे नाहीत.

आता त्याच गेटातनं आत जाणारा दुसरा कामगार घ्या, ज्याची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, पगारातनं कापली जाते. टीबी हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणी भरलेली असली तर पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते, ती पण दोन वर्षांपर्यंत. धूळ दोघांच्या छातीत सारखीच जाते, सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं टीबीचा धोका कितीतरी वाढतो हे काही नवीन नाही, पण एकाच्या घरी आजारपणात पगार येतो आणि दुसऱ्याच्या घरी उधारी. इचलकरंजीत यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर काम करणाऱ्यांचं पण बहुतेक असंच चालतं. कोल्हापूर पैसेवाला जिल्हा म्हणून आपण मिरवतो, तो पैसा ज्यांच्या कष्टावर उभा आहे त्यांना सहा महिने आजारी पडायची सोय नाही, ह्याची खरंच चीड येते.

आणि खायला दिल्यानं काय फरक पडतो ह्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ ह्या काळात पेशंटच्या घरच्या माणसांना पण महिन्याला रेशन दिलं, मोठ्या माणसामागं ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. इतक्या साध्या गोष्टीनं इतका फरक पडत असेल तर आपण थांबलोय कशासाठी? २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करायचं ठरलं होतं, आणि जगातले साधारण चौथा हिस्सा पेशंट अजून आपल्याकडंच आहेत.

२०१९ च्या महापुरात ह्याच कोल्हापुरात पेठापेठांतनं जेवणं बनत होती, तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यातनं धान्य पोचवत होती, कुणाला सांगावं लागलं नाही. निक्षय मित्र होऊन, म्हणजे पेशंट दत्तक घेऊन, त्याला शिधा द्यायची सरकारी सोय २०२२ पासून आहे. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, तालीम मंडळं ह्यांनी आपापल्या भागातले पेशंट घ्यावेत, पण शिधा एकट्याला नको, चुलीवर जेवढी माणसं जेवतात तेवढ्यांचा द्यावा. फोटो नाही काढला तर जास्त बरं, कारण टीबी आहे कळलं की खोलीमालक खोली खाली करायला लावतो, पोरीचं लग्न अडतं. आणि कामगार खात्यानं एमआयडीसीतल्या ठेकेदारांकडं कुणाकुणाची ईएसआय भरली जात नाही ते एकदा गेटवर उभं राहून तपासावं.

आता गळीत हंगामाला ऊसतोड मजूर येतील, बीडकडनं पोराबाळांसकट. खोपटी पडल्या पडल्याच कारखान्यांनी आरोग्य खात्याला बोलवून सगळ्यांची तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांच्या गोळ्या गावाकडं सुरू आहेत त्यांची निक्षयमधली, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद लगेच इकडच्या केंद्रात घेऊन गोळ्या फडापर्यंत पोचतील असं बघावं. डोस घ्यायला गेला म्हणून कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या जोडीची मजुरी कापायची नाही, हे मुकादमाला कारखान्यानंच लेखी सांगायला पाहिजे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर