शिवणाच्या डब्यातलं बटण

कॉर्क,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या पोलिसाचं पुढं काय झालं?" फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात सापडलेलं ते काळपट बटण आठवतंय ना? त्यावर हार्प आणि वर मुकुट. ही रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची, म्हणजे इंग्रजी अमलातल्या आयर्लंडच्या पोलिसांची खूण. बटण सासूबाईंच्या आजोबांचं. पण आजोबा पोलिसात होते हे त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. 1922 मध्ये ते दल मोडलं, सत्ता बदलली, आणि इंग्रजांचा पगार खाल्लेल्यांची पोरं गप्प राहायला शिकली. तुम्ही स्वतः पोलिसातले, तुम्हाला मात्र लाज वाटायचं कारण नाही. चार्ल्स नेपियर या इंग्रज सेनापतीनं 1843 मध्ये सिंधचे पोलीस उभे केले ते याच आयरिश नमुन्यावर, आणि आपल्याकडची पुढची घडी त्याच वळणानं बसली. म्हणजे हे तुमच्या खात्याचे चुलत आजोबाच!

शोध सोपा नव्हता. 1922 च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना जळून खाक झाला. 1881 आणि 1891 च्या खानेसुमारीचे कागद तर त्याआधीच पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले होते. पण या दलाची सेवा-रजिस्टरं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात एकेका माणसाला एकेक ओळ. आजोबांची ओळ सापडली तेव्हा तुमचे जावई खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. भरती 1882, धर्म, उंची, मूळ जिल्हा केरी, आधीचा धंदा शेतमजुरी, मग बदल्या, बढती, दंड, शेवटी पेन्शन. (दंड कशाबद्दल ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

बाबा, बदल्यांचा नियम ऐका. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही, आणि बायकोच्या माहेरच्या जिल्ह्यातही नाही. लग्नालाही वरिष्ठांची परवानगी, तीही काही वर्षं नोकरी झाल्यावर. आजोबा गॉलवेत होते, तिथलीच मुलगी पसंत पडली. 1891 ला लग्न झालं आणि गॉलवे सुटलं. बिऱ्हाड टिपररीला.

आणि आता आई, तुझ्यासाठी. त्या रजिस्टरात बायकोचा रकाना आहे, पण त्यात तिचं नाव नाही. नुसतं 'गॉलवे'. जणू त्यानं एका जिल्ह्याशीच लग्न केलं! मी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग माझी आजी कोण?" तिचं नाव शेवटी सरकारी विवाहनोंदीत मिळालं. पुढं 1901 च्या खानेसुमारीत पोलीस ठाण्याच्या फॉर्मवर आजोबांची नुसती आद्याक्षरं आहेत, आणि त्याच रात्री गावातल्या घराच्या फॉर्मवर ती आहे, पूर्ण नावानं, पोरांसकट. तो नाही.

1911 च्या खानेसुमारीत दोघं एका कागदावर आले. तो 'पेन्शनर'. त्या खानेसुमारीत विवाहित बायकांना जास्तीचे प्रश्न होते: लग्नाला किती वर्षं, मुलं किती जन्मली, त्यातली हयात किती. वीस. आठ. पाच.

त्या आकड्यांवर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मग सासूबाई उठल्या, चहा टाकला, आणि पहिल्यांदाच आपल्या आईकडून ऐकलेलं सांगायला लागल्या: बिऱ्हाड हलवताना आजी चुलीवरची किटली सगळ्यांत शेवटी उचलायची. कुठल्याच कागदावर हे नाही.

तेव्हापासून तू डोक्यात बसली आहेस. बाबांचं सेवापुस्तक ट्रंकेत आहेच, नंदुरबार, करमाळा, उमरगा सगळं तारीखवार. पण करमाळ्याच्या पोलीस लाईनीत नळाला पाणी किती वाजता यायचं, उमरग्याला सामान उतरताना माझी पाटी कशी फुटली, दादाच्या तापात रात्री रिक्षा कुणी आणली, हे त्यात कुठून असणार?

पुढच्या रविवारी दुपारी तुमचं जेवण झालं की फोन करते. मी वही घेऊन बसेन. पहिल्या क्वार्टरपासून सुरू कर, आणि बाबांना मधे बोलू देऊ नकोस. तारखा चुकल्या तर त्यांनी मागून दुरुस्त कराव्यात.

तुमची
माई