लिंकन कोणत्या रकान्यात?

महोदय,

अमेरिकेच्या राजकारणाच्या बातम्या हल्ली रोजच छापून येत असल्याने पदवीच्या वर्गात राज्यशास्त्र शिकवताना ‘रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांत नेमका फरक काय’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. गाईडमध्ये त्याचे उत्तर दोन रकान्यांत तयार असते : एकीकडे कमी कर, बंदुकीचा हक्क आणि गर्भपाताला विरोध; दुसरीकडे कल्याणकारी योजना, बंदुकांवर निर्बंध आणि गर्भपाताचा हक्क. आजच्यापुरते हे कोष्टक ढोबळमानाने बरोबर आहे, पण ते पाठ केलेली मुले लिंकनचे नाव निघताच अडखळतात. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी १८५४ मध्ये स्थापन झालेला, लिंकन ज्याचे अध्यक्ष म्हणून निवडून आले तो पक्ष रिपब्लिकनच होता. पुढे वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली खरी, परंतु सिनेटमध्ये त्या विधेयकाच्या विरोधात पडलेल्या २७ मतांपैकी २१ मते त्यांच्याच पक्षाची होती. विरोधात मत देणारे रिपब्लिकन गोल्डवॉटर त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक सपाटून हरले, तरी पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटांकडे असलेल्या दक्षिणेतील पाच राज्यांनी त्यांना कौल दिला. ही उलथापालथ कोष्टकात मावत नाही.

दुसरी अडचण आपल्याकडची आहे. ‘तिथे तिकीट कोण देतं, सर?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा पक्ष म्हटला की हायकमांड, व्हिप आणि पक्षांतरबंदी हे आपण किती गृहीत धरतो, ते माझ्याही लक्षात आले. तिथे उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मतदारच निवडतात, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून सदस्यत्व जात नाही. २०१७ मध्ये ‘ओबामाकेअर’ हा ओबामांच्या काळातील आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा रिपब्लिकनांचा प्रयत्न त्यांच्याच तीन सिनेटरांमुळे ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला, हे सांगितल्यावर वर्गाला, पक्षफुटीची सवय असूनही, ‘मग त्या तिघांचं काय झालं?’ हीच उत्सुकता होती.

म्हणून मी यंदा गाईड बाजूला ठेवून दोन्ही पक्षांचे २०२४ चे जाहीरनामे वर्गात वाचायला दिले आणि सोबत १९९३ च्या ‘नाफ्टा’ कराराचे मतदान ठेवले. मुक्त व्यापाराच्या त्या करारामागे प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांची मते अधिक होती. आज त्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात आयातशुल्काचा पुरस्कार आहे.

आपल्या दैनिकासही एक विनंती. अशी कोष्टके छापताना ती कोणत्या वर्षीची आहेत, एवढे तरी खाली नमूद करावे.

— राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक, सातारा