माल्टाची ती कमान कधीच पडली!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत माल्टा टूरची जाहिरात बघितली आणि हसूच आलं, कारण फोटो आहे गोझो बेटावरच्या अझूर विंडोचा, आणि समुद्रातली ती दगडी कमान मार्च २०१७ मध्येच वादळात कोसळलीय! आम्ही पण असाच फोटो बघून इथल्याच एका टूरवाल्याकडे पैसे भरले होते. तिथे जाऊन बघतो तर नुसतं पाणी. विचारलं तर म्हणे, काकू, फोटो जुना आहे.

बाकी बेट झकास हो. राजधानी व्हॅलेटाच्या उतरत्या गल्ल्यांमधे रंगीत लाकडी बंद गॅलऱ्या बघून मला आपल्या सराफ बाजारातले जुने वाडे आठवले, फक्त तिकडे त्या नीट जपल्यात. गोझोतल्या रामला बीचची वाळू तर चक्क तांबूस, अजून माझ्या पर्समधून निघते. आणि पास्तिझी, वाटाण्याचं सारण भरलेली खुसखुशीत पॅटिस, गरम खाल्ली की तोंड भाजतंच. पण टूरवाल्यानी एम्दिना या जुन्या तटबंदीच्या शहराला जेमतेम पाऊण तास दिला आणि दुकानांत दोन तास बसवलं!

तर जाहिरात घेताना फोटो जरा तपासत जा ना.

– एक वाचक, नाशिक