'काका, इथं फक्त सही करा'

संपादक साहेब, स. न.

मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही एका सरकारी बँकेतनं एज्युकेशन लोन काढलं होतं, सहकर्जदार म्हणून माझी सही. कोर्स झाला, नंतरची वर्षभराची सवलत संपली, नोकरी लागली ती बारा हजारांची आणि तीही पुण्यात, तिथं खोलीभाडं नि मेस भागवता भागवता हप्ते थकले. चूक आमचीच, नाही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात बँकेचा माणूस घरी आला, चहा झाला, मग बॅगेतनं एक इंग्रजी कागद काढला आणि पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथं फक्त सही करा, फॉर्मॅलिटी आहे." नेमका चष्मा सापडेना म्हणून म्हटलं ठेवून जा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वकील मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, हे तर देणं मान्य असल्याचं पत्र आहे, आणि तुमच्यावर दावा टाकायची बँकेची मुदत संपायला थोडेच महिने राहिलेत.

व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, तीन वर्षं गेली की कर्ज माफ, अहो माफ कसलं! १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे बँकेला साधारण तीन वर्षांत दावा टाकावा लागतो, नाही टाकला तर कोर्टाचा रस्ता बंद, देणं तसंच राहतं. तारण ठेवलेली एफडी असेल तर ती बँक वळती करून घेऊ शकते, १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टानंच ते मान्य केलंय. आणि मुदतीच्या आत सही दिली की त्या दिवसापासनं तीन वर्षं परत नव्यानं सुरू. मुदत गेल्यावर नुसती बाकी मान्य केल्यानं काही होत नाही, पण 'मी फेडतो' असं लिहून सही केली की करार कायद्याचं कलम २५ लागतं आणि मेलेलं कर्ज उठून बसतं. लोक अदालतीतही तडजोडीवर सही झाली की तो निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, वसुलीला बारा वर्षं मोकळी.

बँक सरकारी म्हणून तिला तीस वर्षं मिळतात असं आमच्या कट्ट्यावर छातीठोक सांगतात, तेही चूक. तीस वर्षं सरकारनं स्वतः दावा केला तर. केरळात मुदत गेलेली कर्जं महसुली वसुलीच्या वाटेनं, म्हणजे कोर्टात न जाता शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी, काढायला निघाले होते, तेव्हा १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दाव्याची मुदत गेली असेल तर हा मागचा दरवाजाही बंद. अमेरिकेत तर सरकारी स्टुडंट लोनला १९९१ पासनं मुदतच नाही, म्हाताऱ्यांच्या सोशल सिक्युरिटीतनं, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनीतनं, कापायलाही त्यांच्या सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये हरकत घेतली नाही. त्यामानानं आपला कायदा बराच म्हणायचा, फक्त तो बँकेला पाठ आहे आणि आपल्याला माहीत नाही.

कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. मुलगा आता महिना चार हजार भरायला तयार आहे, बँकेनं तसं लिहून घ्यावं, सहीही देतो. पण कागद मराठीत पाहिजे, आणि या सहीनं मुदत नव्यानं सुरू होते ही एक ओळ त्यात ठळक पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच बँकांना हे सांगितलं तर माझ्यासारख्या कितीतरी बापांना चष्म्याच्या भरवशावर राहावं लागणार नाही.

इंग्रजी कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडलाय, फुलीसकट.

आपला,
एक सहकर्जदार बाप, बार्शी