कागद नको, फॉर्म वाटा

मा. संपादक,
स. न.

दिवाळी आटोपली की मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची माणसे परतवाडा उतरून अंजनगाव, दर्यापूर, अकोटच्या शेतांत आणि वीटभट्ट्यांवर येतात. हिंगणघाट-वणीकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये परप्रांतातले मजूर येतात. त्यांना रेशन, लस, अंगणवाडी, शाळा मिळवून देणाऱ्या संस्था आज विदर्भात बऱ्यापैकी आहेत. पण प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, एक्सेल वेगळे. एकमेकींत फिरते ती एकच गोष्ट : व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले आधारकार्डांचे फोटो. खरे तर फिरायला हवे ते फॉर्म, दुरुस्त्या आणि अडचणींवरचे उपाय. कागद ज्याचे त्याच्यापाशीच राहावेत.

कंट्रोलचेच, म्हणजे रेशन दुकानाचेच घ्या. 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे धान्य कुठेही मिळते हे सगळ्यांना पाठ आहे, पण भट्टीवरच्या माणसाचा अंगठा दुकानातल्या ई-पॉस (ठसा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या) मशीनवर लागत नाही तेव्हा 'मशीन घेत नाही' एवढेच कानावर येते. मशीनवर काय आले ते कोणी लिहून घेत नाही. कोड ३०० म्हणजे बोटाचे ठसे जुळले नाहीत. माती-राखेने बोटे झिजलेली असतात. हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावावे, नाहीतर दुकानात असेल तर डोळ्यांचे स्कॅनर वापरावे. ३३० म्हणजे आधारधारकाचे बायोमेट्रिकच लॉक आहे, तिथे दहा बोटे लावूनही उपयोग नाही. एमआधार अॅपवरून ते उघडावे लागते आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. तिसरा प्रकार कोडचा नाहीच : घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्या महिन्याचे धान्य आधीच उचललेले असते, म्हणून इथे शिल्लक शून्य दिसते. दुकानदाराशी भांडण्याआधी गावी एक फोन करावा. घरच्यांनी थोडे तिकडे, थोडे इकडे असेही घेता येते. तक्रारीसाठी १४४४५ आहे. हा तक्ता एका संस्थेने केला तर बाकीच्यांना दर हंगामात तो नव्याने शिकावा लागणार नाही.

फॉर्मचे सांगायचे तर बारा प्रश्न पुरतात. चाळीस प्रश्नांचा फॉर्म भट्टीवर संध्याकाळी पूर्ण होत नाही, आणि अर्धवट फॉर्म कोणाच्याच कामाचा नाही. मूळ गावाचे नुसते नाव लिहू नये. खैरी, बोरगाव, पिंपळगाव किती आहेत ते मोजून पाहा. 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' या सरकारी यादीतला गावाचा ६ अंकी कोड घ्यावा. शाळेचे नाव 'जि. प. शाळा' असे न लिहिता ११ अंकी यूडायस (प्रत्येक शाळेचा सरकारी) क्रमांक घ्यावा, म्हणजे शिक्षण हमी पत्रासाठी (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणाऱ्या पत्रासाठी) थेट त्या मुख्याध्यापकांना फोन करता येतो. आडनावावर तर भिस्त ठेवूच नये. एकच घर एका यादीत कासदेकर, दुसरीत कास्देकर असते. गावाचा कोड, जन्मवर्ष आणि आईचे नाव हे तीन जुळले की माणूस तोच समजावा.

फॉर्म भरण्यासाठी कोबोकलेक्ट हे मोबाइल अॅप बरे पडते, कारण ते नेटवर्कशिवाय चालते. मात्र भरलेला फॉर्म पाठवेपर्यंत फोनमध्येच असतो. पाठवण्याआधी कोणी अॅप काढून टाकले की दिवसभराची नोंद गेली. रोज रात्री नेटवर्कमध्ये आल्यावर 'पाठवायचे बाकी' शून्य आहे का, ते पाहावे.

आता एक्सेल. इथेच सगळ्यांचे हाल होतात. त्या अॅपमधल्या नोंदींची उतरवून घेतलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल थेट डबल क्लिकने उघडली की बहुतेक वेळा मराठीऐवजी चिन्हांचा चिखल दिसतो. फाइल बिघडलेली नसते. 'डेटा' मेन्यूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यावे आणि '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' निवडावे. त्याच वेळी ई-श्रमच्या (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीच्या) १२ अंकी क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करावा. नाही केला तर एक्सेल तो १.२३ई+११ असा दाखवते, आणि तशीच फाइल पुन्हा सीएसव्हीत सेव्ह झाली की मूळ आकडे कायमचे जातात. कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने अहवाल तर शोधताही येत नाहीत. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत, नाहीतर दहा वर्षांचा अनुभव कपाटातच राहतो.

कागदांबद्दल. ग्रुपवर टाकलेला आधारचा फोटो चाळीस जणांच्या गॅलरीत जातो, तिथून कोणाकोणाच्या क्लाउडवर. पुढे तो कोणी पुसला याची खात्री कोण देणार? आधारची प्रत लागलीच तर शेवटचे ४ अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून मिळते. बहुतेक कामांना तीही लागत नाही, 'ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली/नाही' एवढा एक रकाना पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागितली आहे, पण मराठीत छापलेल्या संमतीपत्रावर घेतलेल्या अंगठ्याला आम्ही संमती म्हणत नाही. मेळघाटातल्या बऱ्याच मजुरांची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. कोरकू बोलणाऱ्या कार्यकर्तीच्या आवाजात अर्ध्या मिनिटाची क्लिप करावी : कोणती माहिती घेतो, कशाला, नको असेल तर काय. बाळाच्या सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसींसाठीही अशीच एक. या क्लिपा मात्र खुशाल सगळ्या ग्रुपवर फिरू द्याव्यात.

आमची सूचना अशी, की अमरावती, अकोला, वर्धा, यवतमाळकडच्या संस्थांनी वर्षातून दोनदा अर्धा दिवस एकत्र बसावे : सोयाबीनच्या सोंगणीआधी आणि होळीनंतर. होळीला मेळघाटची माणसे घरी परततात, त्यामुळे हंगामात काय फसले ते तेव्हा ताजे असते. प्रत्येकाने न सुटलेली तीन प्रकरणे, नावे वगळून, आणावीत. सुटलेल्यांचे अहवाल देणगीदारांकडे जातातच. फॉर्म एकाच ठिकाणी असावा, फाइलच्या नावात तारीख असावी आणि बदल करण्याचा अधिकार एकालाच असावा. हंगाम चालू असताना प्रश्न बदलू नयेत. निम्म्या फोनांत जुना फॉर्म राहतो आणि मार्चमध्ये दोन्ही याद्या जुळवत बसावे लागते.

– स्थलांतरित मजुरांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, दर्यापूर (जि. अमरावती)